रनकाकांचे साक्षीदार

कोशकचेरीत ज्यांना सगळे रनकाका म्हणत, त्यांना कुणी कधी पळताना पाहिले नव्हते. जिनासुद्धा ते एकेका पायरीची परवानगी घेतल्यासारखे चढत. नाव पडले ते कामावरून. इंग्रजीतला 'रन' हा शब्द त्यांच्याकडे होता, आणि सात वर्षे होता.

दारावरचा पहारेकरी रोज सकाळी विचारायचा, "काय काका, झाला का रन पुरा?"

"आहे अजून थोडा."

"सात वर्षांत एक रन! अहो, एवढ्यात कसोटीवाले म्हातारे होऊन घरी बसतात."

रनकाका हसत. या विनोदालाही आता बरीच वर्षे झाली होती. पण त्यांच्या घरात सकाळी बोलणारे दुसरे कुणी उरले नव्हते, म्हणून शिळा विनोदही ते ताजा असल्यासारखा घेत.

बाहेरच्याला वाटते, यात अवघड ते काय? रन म्हणजे पळणे, लिहा आणि मोकळे व्हा. पण इंग्रजीत हा शब्द नुसता माणसाला पळवून थांबत नाही. त्यांच्यात नाक रन होते, नळ रन होतो, कपड्याचा रंग रन होतो. दुकान, नाटक, गाडी, ताप, नदीकाठचा रस्ता, घराण्यातला आळस, सगळ्यांना हाच एक शब्द पुरतो. मीठ संपले तरी रन, बाजारात अवचित कुणी भेटले तरी रन. काकांनी त्याचे एकशे अठरा अर्थ पाडले होते. कुणी नवल केले की ते संकोचून म्हणत, "आपलं 'लागणे' काय कमी आहे? भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, नोकरी लागते, नाद लागतो. परक्या माणसानं त्याचा काय अर्थ लावायचा? आणि अर्थसुद्धा लावायचाच!" एवढे बोलले की मात्र आपण जास्त बोललो असे वाटून ते पुन्हा कार्डांत मान घालत.

वर्षे अर्थ पाडण्यात गेली नव्हती, ती साक्षी जमवण्यात गेली. या कोशाची रीतच वेगळी होती. मेजावर बसून मराठी वाक्य बनवायचे नाही. इंग्रजी शब्दाचा जो अर्थ असेल, त्या जागी मराठी माणूस खरोखर काय बोलतो ते कानांनी ऐकायचे आणि जसेच्या तसे कार्डावर उतरवायचे. वाक्याला म्हणायचे साक्ष. खाली साक्षीदार कोण, कुठे बोलला, कोणत्या तारखेला, आणि ऐकणाऱ्याची सही. "याला तुम्ही काय म्हणता?" असे विचारायलाही बंदी होती, कारण विचारले की माणूस सावरून बसतो आणि शाळामास्तरासारखा बोलायला लागतो. म्हणजे काम काय, तर ऐकायचे आणि वाट बघायची.

काकांचा स्वभाव बुजरा. चार माणसांत जाऊन बसणे त्यांच्याने कधी झाले नाही. पण देवाने त्यांना बायको मात्र बोलकी दिली होती. मूलबाळ नव्हते, दोन खोल्यांत दोघेच. एक बोलायची आणि एक ऐकायचा, असा तो संसार. 'रन' हाती आल्यावर काकांना शोध लागला की आपल्या स्वयंपाकघरात साक्षींची खाण आहे. फक्त प्रसंग यायला हवा. आणि तो आपण होऊन येईना, तेव्हा काका तो हळूच आणू लागले.

एकदा त्यांनी नळ उघडा टाकला आणि बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले. आतून आवाज आला, "नळ सोडून कुठं उंडारताय? पाणी काय वाट बघत थांबणारेय तुमची?" काकांनी खिशातून कार्ड काढले.

एकदा नवा लाल सदरा पांढऱ्या चादरीबरोबर भिजत घातला. "याचा रंग जातो हे दुकानदारानं सांगितलं नाही, आणि विचारायची बुद्धी तुम्हाला झाली नाही. दोघांनाही एकाच पिळ्यात पिळायला पाहिजे!" त्यावर दोन कार्डे झाली.

मिठाचे मात्र त्यांनी काही केले नव्हते, ते आपले आपणच संपले होते. "डब्यात हात घातला तर बोटाला नुसता डबा लागला. मीठ संपलं की सांगायला तोंड दुखतं का तुमचं?" नाक वाहत होते तेव्हा, "पुसा आधी ते, लहान पोरासारखं गळतंय." उशीर झाला तेव्हा, "तुमचं घड्याळ कायम तुमच्या पाठीमागून येतं." आणि बाजारातून आली तेव्हा, "तुमच्या भाच्याची सासू दिसली. तोंड चुकवून निघाले होते, पण मेलीची गाठ पडलीच."

तिला कळायला वेळ लागला नाही. आठवड्यात तिसऱ्यांदा नळ उघडा दिसला, तेव्हा ती ओल्या हाताने बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आज कुठला अर्थ चाललाय?"

काका चोरासारखे खिशाकडे हात नेत म्हणाले, "चाळिसावा."

"बघू." तिने कार्ड घेतले, लांब धरून वाचले. "साक्षीदार, पत्नी. पत्नी म्हणे! चारचौघांत कधी मला पत्नी म्हणालात? 'अगं ए'च्या पुढं गाडी गेली नाही तुमची."

"तसं लिहायचा नियम आहे."

"नियम तिकडं. उद्यापासून मी काय बोलायचं ते जपून बोलणार."

पण ते तिला एक दिवसही जमले नाही. कार्डांचे तिला कौतुकही असावे, कारण कधीकधी भांडण संपले की ती दाराशी थांबून विचारायची, "लिहून झालं का? की पुन्हा बोलू?"

पाचव्या वर्षी ती आजारी पडली. सात महिने अंथरुणाला खिळून होती, मग गेली. काका आठ दिवसांची रजा काढून घरी बसले, आणि नवव्या दिवशी कामावर आले. पहारेकऱ्याने त्या दिवशी विनोद केला नाही. त्याने वहाणांकडे बघत दार उघडले. काकांना ते फार लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच म्हटले, "आहे अजून थोडा." मग तो हसला आणि पहिल्यासारखे चालू झाले.

त्याला आता दोन वर्षे होत आली होती. 'रन' छापखान्यात जायला महिना उरला होता, आणि संपादकबाई प्रत्येक कार्ड हातात घेऊन तपासत होत्या. बाई काकांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, कामाला कडक, पण आवाज कधी चढवायच्या नाहीत. एका दुपारी त्यांनी काकांना खोलीत बोलावले.

"बसा, काका. हे जरा बघा."

मेजावर एक कार्ड होते. अर्थ चाळीस. "नळ चालू राहिलाय हो. असू दे, मी करते बंद." साक्षीदार, पत्नी. स्थळ, घर. बाईंनी तारखेखाली बोट ठेवले आणि शेजारी दुसरा कागद सरकवला. तो काकांचा जुना रजेचा अर्ज होता. एक तारखेपासून आठ तारखेपर्यंत. कारण, पत्नीचे निधन. कार्डावरची तारीख सहा होती.

"तारीख लिहिताना चुकली असणार," बाई म्हणाल्या. सुटकेचे दार त्यांनी उघडून धरले होते. काकांनी नुसते त्यातून पाऊल टाकायचे बाकी होते. "महिना चुकला ना?"

काकांनी कार्ड उचलून पुन्हा मेजावर ठेवले. "नाही," ते म्हणाले. "तारीख बरोबर आहे."

"म्हणजे?"

"नळ राहिला होता चालू. मी बाहेर बसलो होतो. मला... ऐकू आलं."

"काका."

"म्हणजे ती असती तर हेच म्हणाली असती."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "'असती'साठी आपल्याकडे ड्रॉवर नाही, काका."

"ठाऊक आहे."

"अशी किती आहेत?"

काका कार्डाची कड नखाने सरळ करू लागले.

"बरं, तारखांवरून काढता येतील. त्या दिवसानंतरची सगळी बाजूला करा."

"तारखांवरून नाही निघायची," काका इतक्या हळू म्हणाले की बाईंना पुढे वाकावे लागले. "ही एकच अशी राहिली. पुढं मला वाटलं की तारीख बघून कुणी अशा साक्षी काढून टाकेल. म्हणून मग मी मागच्या तारखा घातल्या."

खोटी साक्ष म्हणजे त्या कचेरीत चोरीपेक्षाही वाईट. चोरीने वस्तू जाते, खोट्या साक्षीने सगळा कोश नासतो. काकांनी स्वतःच नव्याने आलेल्या माणसांना हे कितीदा बजावले होते. पण घरी, स्वयंपाकघरात बसून लिहिताना त्यांना आपण खोटे लिहितो असे वाटलेच नव्हते. उलट कानावर आलेले वाक्य न लिहिणे हीच लबाडी वाटली होती.

बाईंनी रजेचा अर्ज परत फायलीत ठेवला. मग म्हणाल्या, "दुसरं कुणी असतं तर मी आज सगळा शब्द काढून घेतला असता. तुमच्या शब्दावर मी अजून विश्वास ठेवते. पण एकेका कार्डावर मला तो पाहिजे. 'पत्नी' लिहिलेली दोनशे चौदा कार्डं आहेत. जे तिनं खरोखर म्हटलं असं शपथेवर सांगाल, ते राहील. शंका आली की बाहेर. आणि वेगळं करणं जमलंच नाही तर सगळीच दोनशे चौदा काढावी लागतील. महिना आहे तुमच्याकडे."

काका उठले. बायको फोटो काढायचे म्हटले की पदर तोंडावर घ्यायची. पत्र लिहायचा तिला कंटाळा. तिच्या साड्या मेहुणी घेऊन गेली होती, भांडी अशीच कुणाकुणाला दिली. ती जे बोलली तेवढे मात्र त्या ड्रॉवरांत होते, आणि छापून निघाले असते. आता त्यातले तिचे किती आणि आपले किती, हे एकट्या त्यांनाच सांगता येणार होते.

मागच्या खोलीत त्यांना एक मेज मिळाले. त्यांना वाटले, दोन दिवसांचे काम. स्वतः लिहिलेले खोटे माणसाला ओळखू येणार नाही, असे होईल कसे? त्यांनी कार्डे समोर मांडली. शाई तीच, अक्षर तेच, तारखा सगळ्या नीटनेटक्या. पहिले कार्ड वाचले, तिचा आवाज ऐकू आला. दुसरे वाचले, त्यातही आला. संध्याकाळपर्यंत साठ कार्डे वाचून झाली, आणि साठही तीच बोलत होती. दोन वर्षे ही वाक्ये त्यांनी इतक्या वेळा मनातल्या मनात तिच्याकडून बोलवून घेतली होती की आता खरे आणि खोटे एकमेकांत मुरून गेले होते.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी काकांनी सगळी वाक्ये एका वहीत उतरवून घेतली, कारण कार्डे कचेरीबाहेर न्यायची नसत, आणि रविवारी ते मेहुणीकडे गेले.

मेहुणी घरी शिवणकाम करायची. बहिणीपेक्षा सहा वर्षांनी लहान, जिभेला मात्र तेवढीच धार. तिने मशीनवरून उठायचीही तसदी घेतली नाही.

"या भाऊजी. रस्ता चुकलात वाटतं? दोन वर्षांनी?"

"नाही, तुझ्याकडेच आलो."

"मग नक्कीच काहीतरी फाटलं असणार. काढा, शिवून देते."

काकांनी वही पुढे केली आणि अडखळत सगळे सांगितले. काही लपवले नाही. मेहुणीने पाय मशीनवरून खाली घेतला.

"म्हणजे ताईनं तुम्हाला झापायचं आणि तुम्ही ते लिहून घ्यायचं?"

"हो."

"आणि त्याचा पगार मिळायचा?"

"हो."

"बाई गं! मला कुणी सांगितलं असतं तर मी पण संसार केला असता की नीट." ती हसली आणि वाचू लागली. डब्याचे वाचले, पुन्हा हसली. भाच्याच्या सासूचे वाचले, तेव्हा डोळ्याला पदर लावून हसली. "अस्सं तोंड करायची ती 'मेलीची' म्हणताना." दोनतीन पाने अशीच गेली. मग तिचे हसणे थांबले. तिने एक ओळ मोठ्याने वाचली, "'उशीर झाला तरी चालेल हो, सावकाश या.' हे कोण म्हणालं?"

"तीच."

"ताई? तुम्हाला? सावकाश या?" तिने वहीवरून नजर उचलली. "भाऊजी, पाच मिनिटं उशीर झाला तर ती दारात उभी राहून जिन्यातल्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल असं विचारायची. 'सावकाश या' म्हणे!"

तिने पेन्सिल मागितली आणि त्या ओळीपुढे फुली मारली. मग पुढे एक, आणखी एक. काका बघत राहिले. तिला विचार करावा लागत नव्हता. कापड हाताला लागताच सुती की भेसळ ते कळावे, तसा तिचा हात चालला होता.

"तुला कळतं कसं?"

"त्यात न कळायला काय झालं? जिथं ती तुमच्यावर डाफरतेय तिथं ती आहे. आणि जिथं गोड बोलतेय ना, तिथं तुम्ही आहात." एवढे बोलल्यावर तिचे तिलाच कठोर वाटले असावे. ती उठली, चहा टाकला, आणि तिकडूनच पाठमोरी म्हणाली, "तिचा जीव होता तुमच्यावर. नव्हता असं नाही म्हणत मी. पण बोलायची रीत तिची ती नव्हती."

काकांनी चहा घेतला. तिचे बरोबर होते, हे त्यांना पहिल्या फुलीलाच कळले होते. रजेच्या दिवसांत लिहिलेल्या त्या पहिल्या कार्डावर 'असू दे' होते. ती आयुष्यात कधी 'असू दे' म्हणाली नव्हती.

शेवटून दुसऱ्या पानावर मेहुणीचा हात थांबला. तिथे ओळ होती, "पार गळून गेलात हो. बसा जरा, होईल ते सावकाश."

"हे?" काकांनी विचारले.

"हे गोड आहे."

"म्हणजे फुली."

"थांबा. शेवटी शेवटी ती बदलली होती. मी रात्रंदिवस होते ना तिथं. औषध देताना एकदा मलासुद्धा 'दमलीस गं' म्हणाली. मी घाबरलेच, म्हटलं आता ही काही राहत नाही." तिने पेन्सिल कानामागे खोचली. "तुम्ही तिला उचलून बसवायचात, सगळं करायचात. तेव्हा म्हणालीही असेल. मी खोलीत नव्हते. तुम्ही होतात. तुम्हाला आठवायला पाहिजे."

काकांनी डोळे मिटून पाहिले. खोली आठवली, खिडकी आठवली, पाठीमागे लावायची उशी आठवली. तिचे ओठ हललेले आठवले. त्यातून काय आले ते मात्र आठवले नाही.

"नाही सांगता येत," ते म्हणाले.

मेहुणीने त्या ओळीपुढे काही न करता वही मिटली. निघताना ती जिन्यापर्यंत आली. "येत जा भाऊजी. मी पण झापते बऱ्यापैकी." काका हसले, 'येईन' म्हणाले. ते येणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक होते; आपण होऊन कुणाच्या दारात जायचे हे त्यांना जमत नसे, आणि आता तर कारणही उरले नव्हते.

सोमवारी त्यांनी त्र्याहत्तर कार्डे बाईंच्या मेजावर ठेवली. "ही खोटी आहेत."

"आणि बाकीची?"

"एकशे चाळीस खरी. शपथेवर. एक माझ्याकडे आहे, तिचं ठरत नाही."

बाईंनी खोट्या कार्डांवरून नजर फिरवली आणि त्या वाचायच्या थांबल्या, कारण ती कार्डे दुसऱ्याने वाचावीत अशी नव्हती. त्यांनी त्यांना दोरा बांधला. "यामुळे सोळा अर्थ उघडे पडलेत, काका. त्यांना साक्ष राहिली नाही. तीन आठवडे आहेत. ऐकायला जा."

ऐकायला जायचे म्हणजे माणसांत जायचे. घरात ऐकायला आता घड्याळ आणि शेजारच्यांचा रेडिओ, दोघांचीही साक्ष चालत नाही.

पण ते गेले. धोब्याच्या दुकानात तीन दिवस बाकावर बसले, चौथ्या दिवशी धोबी म्हणाला, "आजोबा, कपडे आणा तरी, नाहीतर तुम्हालाच इस्त्री करीन." गॅरेजच्या फाटकाशी उभे राहिले, बस थांब्यावर पाच बस जाऊ दिल्या, नाटकाच्या तिकीट खिडकीपाशी रांगेत लागून पुढे गेले की परत मागे येऊन उभे राहिले. लोक बोलत होते आणि ते लिहून घेत होते. कुणी त्यांच्याशी बोलत नव्हते, त्याची गरजही नव्हती. पाणी भरताना दोन बाया भांडल्या, त्यात एका दमात तीन अर्थ मिळाले. काकांना त्यांना हात जोडावेसे वाटले. रोज संध्याकाळी ते खिशातली कार्डे मोजून घरी जात, आणि घरात शिरल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडातून शब्द जात नसे.

पंधरा अर्थ भरले. राहिला तो नव्वदावा. 'रन डाऊन', म्हणजे थकून, अंगातली शक्ती सरून जाणे. ज्याचे एकच कार्ड होते, आणि तेही न ठरलेले.

याला डॉक्टरच्या दवाखान्याइतकी चांगली जागा नाही, असे काकांनी ठरवले. ते जाऊन बसले. शेजारचा माणूस डॉक्टरला सांगत होता, "वीकनेस आहे हो फार." त्याच्या मागची बाई म्हणाली, "यांना पण वीकनेसच आहे." एका म्हाताऱ्याला लेकीने धरून आणले, काका पुढे सरकून कान देऊन बसले, आणि ती म्हणाली, "बाबांना एकदम वीकनेस आलाय." पाच दिवसांत त्या बाकावर चाळीसेक माणसे थकली, खंगली, खचली असतील, पण तोंडाने एकाच्याही तसे आले नाही. आणि इंग्रजी शब्दाची साक्ष इंग्रजीतूनच कशी घेणार? शेवटच्या दिवशी डॉक्टरने काकांनाच आत बोलावले. "रोज येऊन बसता, नंबर का लावत नाही? काय होतंय?" काका गोंधळून म्हणाले, "काही नाही, सहज." तर डॉक्टरने नाडी पाहून त्यांनाही तोच वीकनेस सांगितला.

पहारेकरी तरी काही म्हणेल म्हणून ते दुसऱ्या दिवशी मुद्दाम पायरीवर टेकले. तो लगेच आला. "काय काका, आज एकदम डाऊन?"

छापायला द्यायच्या दिवशी बाईंनी दुपारी त्यांना बोलावले. सगळे अर्थ गठ्ठ्यांनी मांडून ठेवले होते. नव्वदाव्याच्या जागी मोकळी फट होती.

"नाही मिळालं?"

"नाही."

"ते तुमच्याकडचं कार्ड बघू."

काकांनी वरच्या खिशातून कार्ड काढून दिले. बाईंनी वाचले. पुन्हा वाचले. कार्डाच्या कडा मऊ झाल्या होत्या.

"वाक्य चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "खरं वाटतं."

"हो."

"काका, तारीख ती असतानाची आहे. तुमची सही आहे. खोटं असल्याचा काही पुरावा नाही." त्या थांबल्या. "हे लावून टाका. मी विचारणार नाही. कुणीच विचारणार नाही."

काकांनी हात पुढे केला. कार्ड हातात आले. त्या फटीत ते बरोबर बसले असते. मग ते छापले गेले असते, आणि कधीतरी कुठेतरी कुणी परक्या माणसाने ते पान उघडून वाचले असते, की एका बाईने आपल्या नवऱ्याला असे म्हटले होते. तिने म्हटले नसले तरी ते तिचेच म्हणणे ठरले असते. आणि म्हटले असेल तर? तर हे एकच गोड वाक्य होते तिचे, तेही त्यांच्या हाताने बाहेर जाणार.

त्यांनी कार्ड फटीपर्यंत नेले आणि तिथेच धरले. बाईंनी त्यांना घाई केली नाही.

"तिला आवडणार नाही," काका शेवटी म्हणाले.

"काय?"

"न बोललेलं तिच्या तोंडी घातलेलं. तिला फार राग यायचा त्याचा. कुणी म्हटलं ना, 'तुम्ही असं म्हणालात', तर ती त्याच्या घरी जाऊन शहानिशा करून यायची." त्यांनी कार्ड दोरा बांधलेल्या गठ्ठ्यावर ठेवले आणि सरळ केले. "बाकीची एकशे चाळीस तिचीच आहेत. हे एक घातलं, तर त्यांच्याकडे बघतानाही मला शंका येईल. ती जाऊ द्यायची नाहीत मला."

बाईंनी एक कोरे कार्ड पुढे केले. काका खुर्चीवर बसले. शब्द लिहिला, अर्थाचा आकडा घातला. साक्षीदाराच्या जागी रेघ ओढली, स्थळाच्या जागी रेघ ओढली, आणि वाक्याच्या जागी आपल्या वळणदार अक्षरात लिहिले, साक्ष मिळाली नाही. खाली त्या दिवसाची तारीख घालून सही केली.

शाई वाळेपर्यंत ते कार्ड दोन बोटांत धरून बसून राहिले, आणि मग त्यांनी ते फटीत सरकवले.